वाळवंटात छत्री न्यायची का?

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. नाशिककर ही तारीख सहजासहजी विसरणार नाहीत. दिवाळी होऊन दोन आठवडे झालेले, सगळे थंडीची वाट बघत होते आणि निफाड परिसरात गारांचा पाऊस झाला. द्राक्षाच्या बागा झोडपून निघाल्या. त्याच दिवशी शेजारच्या गुजरातमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि वीज पडून वीसहून अधिक माणसं दगावली. तेही नोव्हेंबरच्या शेवटी!

आता मनातल्या मनात नकाशा उघडा. त्या दिवशी पहाटे नाशिकहून कुणी जैसलमेरला कॅम्पिंगला निघालं असतं, तर त्यांचा पहिला दिवस बराचसा या पावसाच्या पट्ट्यातून गेला असता. वाळवंट अजून दिसलेलंही नसताना!

हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे आपल्या हॉस्टेलची परंपरा. शेवटचा पेपर जवळ आला की कुणाच्या तरी रूमवर प्लॅन शिजायला लागतो. गोवा सगळ्यांनी बघितलेला, महाबळेश्वर घरच्यांसोबत झालेलं. मग एकजण म्हणतो, "चला, वाळवंटात तंबू ठोकू!" यादी तयार होते. गिटार, कॅमेरा, मॅगीची पाकिटं, पॉवर बँक. यादीत रेनकोट नसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "अरे, वाळवंटात कसला पाऊस?"

या एका वाक्याचा अभ्यास म्हणजे हा लेख. मी मेकॅनिकलची आहे, त्यामुळे सिव्हिलच्या प्रांतात थोडी घुसखोरी होणार आहे. सिव्हिलच्या मंडळींनी सांभाळून घ्यावं!

गणित मांडू या

आपल्याला सवय आहे तसंच लिहू.

दिलेले : सात विद्यार्थी, भाड्याने घेतलेली सात सीटची गाडी, दोन तंबू, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. मार्ग : नाशिक - पेठ - धरमपूर - सुरत - अहमदाबाद - सांचोर - बाडमेर - जैसलमेर. अंतर साधारण हजार किलोमीटर. मुक्काम : जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर, सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांपाशी.

निघायच्या तीन दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज येतो : पश्चिमी झंझावात येतोय, गुजरात आणि पश्चिम राजस्थानात गडगडाटासह पाऊस.

काढा : निघायचं की नाही?

हा पाऊस येतो कुठून?

पश्चिमी झंझावात म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे आपल्याकडे येणारी हवेच्या कमी दाबाची प्रणाली. हिवाळ्यात अशा प्रणाली एकामागून एक येत असतात. हिमालयात बर्फ पडतो तो प्रामुख्याने यांच्यामुळेच. बहुतेक वेळा त्या उत्तरेकडूनच निघून जातात आणि आपल्याला फक्त थंडी जाणवते. पण एखादी प्रणाली बरीच दक्षिणेकडे झुकली, की अरबी समुद्रावरची दमट हवा आत खेचली जाते. वर थंड हवा, खाली दमट हवा. मग विजा, गारा, पाऊस सगळं एकदम.

गंमत म्हणजे या पावसाला आपल्या मार्गावरच्या तिन्ही राज्यांत वेगवेगळी नावं आहेत. आपण 'अवकाळी' म्हणतो. गुजरातीत 'मावठुं'. राजस्थानात 'मावठ', आणि तिथला शेतकरी त्याची वाट बघतो, कारण गहू, हरभरा, मोहरी या पिकांना तो फायद्याचा. एकच पाऊस, पण निफाडच्या द्राक्षवाल्याला रडवतो आणि राजस्थानातल्या मोहरीवाल्याला हसवतो. ज्या गोष्टीला लोकांनी स्वतंत्र नाव ठेवलं, ती तिथे कधीच घडत नाही असं कसं म्हणणार?

सरासरीचा घोटाळा

आता आकडे बघू. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहरात सुमारे सातशे. येवला-नांदगावकडे गेलात तर पाचशेच्या आसपास. जैसलमेरला दोनशेच्या आत-बाहेर. म्हणजे आपण तीन हजारवाल्या जिल्ह्यातून दोनशेवाल्या जिल्ह्यात चाललोय, मग भीती कसली?

इथेच आपण फसतो. समजा एकाला एका सेमला नऊ पॉइंटर आणि दुसऱ्या सेमला चार. सरासरी साडेसहा. पण साडेसहा त्याला कधीच मिळालेले नाहीत! वाळवंटातला पाऊस या विद्यार्थ्यासारखा असतो. सरासरी लहान, पण वर्षावर्षात जमीन-अस्मानाचा फरक.

याचं सगळ्यात कठोर उदाहरण आपल्या मार्गावरच आहे. बाडमेर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस २७७ मिलिमीटर. ऑगस्ट २००६ मध्ये, १६ ते २५ तारखेच्या दरम्यान, तिथे सुमारे ५४९ मिलिमीटर पाऊस पडला. दोन वर्षांचा पाऊस दहा दिवसांत! बाडमेरजवळचं कवास हे गाव पाण्याखाली गेलं. जिल्ह्यात शंभराच्या आसपास माणसं गेली, गुराढोरांची तर गणतीच नाही. ज्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण, त्या गावात लष्कराच्या बोटी फिरल्या.

हे एकदाच घडलं असंही नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छच्या किनाऱ्यावर जखौजवळ धडकलं आणि तिथून थेट राजस्थानात घुसलं. बाडमेर, जालोर, सिरोही या जिल्ह्यांत पूर आले. आपण ज्या सांचोरमध्ये चहा प्यायला थांबणार, तिथेही पाणी शिरलं होतं.

वाळू पाणी पिते, पण जमीन?

आता मुख्य प्रश्न. वाळूत पाणी लगेच मुरतं, हे आपण शाळेत शिकलो. मग पूर येतो कसा?

उत्तर सोपं आहे. सगळं वाळवंट वाळूचं नसतं. फोटोत दिसतात त्या टेकड्या खरोखर पाणी पितात. पण टेकड्यांच्या मधली जमीन, खडकाळ माळरान, चिकणमातीचे सपाट पट्टे हे पाणी पीत नाहीत. काही ठिकाणी वर वाळू असते, पण खाली जिप्समचा थर असतो आणि पाणी तिथे येऊन अडतं. कवासला हेच झालं. पाऊस थांबला तरी पाणी उतरेना. खाली जायला वाट नाही, बाहेर वाहायला उतार नाही. जिल्ह्यात चक्क नवी तळी तयार झाली आणि पुढे कित्येक आठवडे पाणी तसंच साचून राहिलं.

आणि याच थराची दुसरी बाजूही वाचा. थरमधल्या काही गावांत छोट्या अरुंद विहिरी असतात, त्यांना 'कुंई' किंवा 'बेरी' म्हणतात. खाली खारं पाणी आणि वर हा जिप्समचा पट्टा. पावसाचं गोडं पाणी पट्ट्यावर ओल म्हणून धरून राहतं आणि थेंबथेंब विहिरीत उतरतं. म्हणजे जो थर एरवी माणसांना जगवतो, त्यानेच २००६ मध्ये गाव बुडवलं. थर तोच, पाणी मात्र प्रमाणाबाहेर.

जैसलमेर भागातल्या जुन्या लोकांना जमिनीचा हा स्वभाव पक्का ठाऊक होता. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून तिथे 'खडीन' बांधले. खडीन म्हणजे खडकाळ उताराच्या पायथ्याशी घातलेला मातीचा लांबलचक बांध. उतारावरचं पाणी न मुरता धावत खाली येतं, बांधाशी अडतं, हळूहळू जिरतं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घेतात. दोनशे मिलिमीटरच्या प्रदेशात गहू! ही सगळी शेती एका गोष्टीवर उभी आहे : वाळवंटातल्या उतारावर पाणी धावतं. ज्या धावत्या पाण्यावर शेकडो वर्षं शेती झाली, त्याच्या वाटेत आपण तंबू ठोकायचा नाही, एवढंच.

सेकंदाला दीड टँकर

सिव्हिलच्या पुस्तकात लहान पाणलोटासाठी एक सोपं सूत्र आहे. विसर्ग = ०.२७८ × अपधाव गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्रफळ. तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये, क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये, उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये.

समजा एक कोरडा ओढा आहे. त्याच्या वरच्या अंगाला फक्त दोन चौरस किलोमीटर खडकाळ माळ. जोरदार सर आली, तासाला ५० मिलिमीटर या वेगाने. गुणांक ०.५ धरू. (वायव्हात विचारलं तर हे गृहीतक आहे असं सांगा!)

०.२७८ × ०.५ × ५० × २ = १३.९ घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला सुमारे चौदा हजार लिटर. येवला-सिन्नरकडे उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे टँकर फिरतात ते सगळ्यांनी बघितलेत. तसे जवळजवळ दीड टँकर, दर सेकंदाला, त्या ओढ्यातून. क्युसेकमध्ये सांगायचं तर ४९० च्या आसपास.

पाचशे क्युसेक ऐकून नाशिककर हसतील. गंगापूर धरणातून एवढं पाणी सोडलं तर गोदाघाटावर कुणी मान वळवून बघायचं नाही. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ चे पूर बघितलेलं हे शहर आहे. पण फरक समजून घ्या. गोदावरीला रुंद पात्र आहे, वर धरण आहे, विसर्गाची सूचना आधी मिळते आणि दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून पुराचा अंदाज बांधायची पिढ्यांची सवय आहे. त्या ओढ्याला यातलं काहीच नाही. पात्र चार-पाच मीटरचं, सूचना शून्य. शिवाय पाऊस आपल्या डोक्यावर पडायलाच हवा असंही नाही. वरच्या माळावर पडला तरी पुरतो. आपल्यावर चांदणं आणि ओढ्यात लोंढा, असंही होऊ शकतं.

सात जणांची गाडी कधी तरंगते?

हे मात्र मेकॅनिकलवाल्यांचं! रिकामी गाडी १२५० किलो, सात जण आणि सामान धरून १८०० किलो. लांबी ४.४ मीटर, रुंदी १.७ मीटर, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ साधारण साडेसात चौरस मीटर. पाणी गाडीच्या तळाला लागलं की प्रत्येक सेंटिमीटरला ७५ लिटर पाणी बाजूला सारलं जातं. आर्किमिडीजच्या नियमाने तेवढाच, ७५ किलोचा, वर उचलणारा जोर. १८०० भागिले ७५, उत्तर २४ सेंटिमीटर. तळ जमिनीपासून १८ सेंटिमीटर वर. बेरीज ४२.

म्हणजे पाणी गुडघ्याच्या आसपास आलं की भरलेली गाडी उचलली जाऊ शकते! आणि वाहत्या पाण्यात तर त्याच्या आधीच, कारण गाडी जसजशी हलकी होते तसतशी टायरची पकड सुटते आणि पाणी बाजूने ढकलत असतं. म्हणून रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते किती खोल आहे हे गाडी घालून बघायचं नाही. पुढची गाडी गेली म्हणून आपलीही जाईल, हे तर अजिबात नाही. थांबायचं. लहान ओढ्याचं पाणी काही तासांत ओसरतं.

थोडासा पाऊसही पुरतो

पूर नाही आला तरी अडकायला होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात 'बर्निंग मॅन' महोत्सवासाठी सत्तर हजारांच्या आसपास लोक तंबू ठोकून राहिले होते. इंचभरसुद्धा पाऊस झाला नसेल, पण ती जमीन म्हणजे जुन्या तळ्याचा चिकणमातीचा तळ. गाड्या जागच्या हलेनात. आयोजकांनी रस्ते बंद केले आणि आहे ते अन्नपाणी जपून वापरायला सांगितलं.

आपल्याला हे समजायला नेवाडाला जायची गरज नाही. पावसात निफाडच्या काळ्या मातीतून बुटाने चालून बघा, दहा पावलांत प्रत्येक बूट किलोभर जड होतो. कच्छच्या रणातही हेच आहे. पावसाळ्यानंतर पाणी आटून वर मिठाचा पांढरा थर येतो, खाली चिखल तसाच राहतो.

साधी चाचणी : मूठभर माती घ्या, पाणी घाला, हातावर वळा. शेवयाची वळी झाली तर चिकणमाती, तिथे गाडी उतरवायची नाही. वळीच होत नसेल तर वाळू.

वीज, थंडी आणि धुकं

सपाट वाळवंटात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपण किंवा आपला तंबू. चमक दिसल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे (आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो). लगेच बंद गाडीत बसायचं, काचा वर करायच्या. पत्र्याच्या गाडीत वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, कापडी तंबूत ही सोय नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने केलेलं 'दामिनी' हे ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं, ते निघण्यापूर्वीच टाकून घ्या.

दुसरा शत्रू ओली थंडी. निफाडला डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता, तरी आपण कोरड्या स्वेटरमध्ये निभावलं. पण पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. भिजलेली जीन्स आणि वाळवंटातला रात्रीचा वारा, म्हणजे सात-आठ अंशांतही माणूस गारठून पडू शकतो. कुणी थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल तर शेकोटीआधी ओले कपडे बदला. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वेगळा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. झंझावात पुढे सरकला की आकाश स्वच्छ होतं, जमीन ओली असते, रात्र थंड पडते. परिणाम : सकाळी दाट धुकं. "पाऊस गेला, आता पहाटेच निघू" म्हणणारे इथे फसतात. धुकं उठेपर्यंत गाडी काढू नका.

धुळीच्या वादळांचा काळ मुख्यतः एप्रिल ते जून, तेव्हा डिसेंबरच्या टूरला ती चिंता कमी. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र २ मे २०१८ लक्षात ठेवावं. त्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशा वादळाने शंभराहून अधिक बळी घेतले.

तंबू कुठे लावायचा?

उजेड असताना, चारच्या आत पोहोचा आणि जमीन वाचा. झुडपांच्या बुंध्याला काडीकचरा अडकलाय का? जमिनीवर वाळलेल्या चिखलाच्या खपल्या आहेत का? गोल गुळगुळीत खडे? यातलं एकही दिसलं तर ती पाण्याची वाट आहे, कितीही सपाट आणि छान दिसो. टेकडीच्या माथ्यावरही नको, तिथे वारा आणि वीज. सखल जागेपासून दोन-तीन मीटर उंच, पण माथ्याच्या बरीच खाली अशी मधली जागा निवडा. गाडी पक्क्या रस्त्याजवळ, तोंड रस्त्याकडे. आणि जवळच्या ढाणीतल्या एखाद्या आजोबांना विचारा, "बाबोसा, पाणी कुठून येतं?" आपल्या सगळ्या सूत्रांपेक्षा ते उत्तर जास्त खरं असेल.

'नको' कोण म्हणणार?

आतापर्यंतचं सगळं पुस्तकात सापडेल. यापुढचं सापडणार नाही. सात जणांच्या ग्रुपमध्ये दोघांना तरी आतून वाटत असतं की आज जाऊ नये. पण बोलणार कोण? ॲडव्हान्स भरलाय, घरून परवानगी कशीबशी मिळालीये, आणि जो बोलेल त्याला पुढची दोन वर्षं मेसमध्ये 'घाबरट' म्हणून ऐकावं लागणार. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत गाडीत बसतात. भरलेले पैसे तर गेलेलेच आहेत, निघालो तरी आणि थांबलो तरी. प्रश्न फक्त पुढचा असतो, हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही.

यावर उपाय एकच : निर्णय आधी घ्या, डोकं थंड असताना, कागदावर. तीन ठिकाणं ठरवा.

१. नाशिक, निघायच्या आदल्या संध्याकाळी. मार्गावरच्या कुठल्याही जिल्ह्याला त्या दिवसासाठी नारंगी किंवा लाल इशारा असेल तर निघायचं नाही. पिवळा असेल तर अहमदाबादला मुक्काम ठेवायचा.

२. अहमदाबाद, दुसऱ्या दिवशी सकाळी. जयपूर हवामान केंद्राचा बाडमेर-जैसलमेरसाठीचा अंदाज बघायचा. तोच नियम.

३. मुक्कामाची जागा, दुपारी चार. गडगडाट ऐकू आला किंवा जमीन पाण्याची वाट वाटली तर तंबू नाही, सरळ जैसलमेर शहरात धर्मशाळा किंवा हॉटेल.

सर्वांनी सही करायची. आणि एक अट : सातांपैकी कुणीही एकाने 'नको' म्हटलं तर त्या दिवशी नको, कारण विचारायचं नाही. एक प्रत रेक्टर सरांकडे द्या, रोज रात्री आठला फोन कोण करणार हेही लिहा. फोन आला नाही तर काय करायचं ते त्यांना कळलं पाहिजे. रस्त्यात मदतीसाठी ११२.

उत्तर

आपल्या गणितात तीन दिवस आधी झंझावाताचा अंदाज आला होता. एक झंझावात साधारण दोन-तीन दिवसांत पुढे सरकतो. म्हणून उत्तर 'जाऊ नका' असं नाही. उत्तर आहे : दोन दिवस थांबा, तिसऱ्या दिवशी धुकं उठल्यावर निघा. पहिल्या पावसाने धुतलेलं वाळवंट आणि त्यावरचं आकाश बघायला मिळेल, तेही सगळे सात जण मिळून.

आणि छत्रीचं म्हणाल, तर छत्री नको. वाऱ्यात उलटी होते. रेनकोट घ्या!